उसना आकडा

वस्तीत कुणी कुणाला 'बरा आहेस ना?' असं विचारत नसे, 'आकडा किती?' असं विचारत. कशाचा आकडा, हे सांगावं लागत नसे. दर नोव्हेंबरात, गळिताचा हंगाम सुरू होण्याआधी, कारखान्याच्या तपासणी-मंडपात प्रत्येक ऊसतोड्याचं रक्त घेतलं जाई आणि त्यातलं क्रिएटिनिन, मूत्रपिंडं थकली की वाढणारं, मोजलं जाई. ते एक पूर्णांक तीनच्या आत असलं की माणूस फडात. वर गेलं की घरी. घरी गेलेल्याचं पुढं काय होतं, हे चिनांदेगाच्या त्या सपाट, चहूबाजूंनी उसानं वेढलेल्या मुलखात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. आजाराला वेगळं नाव नव्हतं. 'रेमुंदोला क्रिएटिनिन आहे,' असं लोक म्हणत, जसं रेमुंदोला दोन मुली आहेत म्हणावं. तो कशानं होतो हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कुणी उन्हाला दोष देई, कुणी फवारणीच्या औषधाला, कुणी विहिरींना. राजधानीहून शिकलेली माणसं येत, बाटल्यांतून विहिरींचं पाणी भरून नेत, आणि पुढच्या वर्षी नव्या बाटल्या घेऊन येत.

एलिसेओ मायोर्गाचा आकडा शून्य पूर्णांक नऊ होता. वय चौतीस, फडातले हंगाम पंधरा, आणि तरीही शून्य नऊ. "ह्याच्या पोटात मूत्रपिंडं नाहीतच, दोन रांजण बसवलेत," असं त्यांच्या टोळीचा मुकादम रुफिनो म्हणे आणि सगळे हसत. एलिसेओही हसे, पण ते हसू चोरटं असे, पंगतीत चुकून दोनदा वाढलं गेलेल्या माणसासारखं. त्याचे वडील एकेचाळिसाव्या वर्षी ह्याच आजारानं गेले होते.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तो फडातून थेट गावातल्या विम्याच्या दवाखान्यात आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तोडणीआधी पेटवलेल्या उसाची काजळी त्याच्या मानेवर घामात कालवून वाळली होती. कोयता त्यानं फाटकावरच्या पहारेकऱ्याकडं ठेवला. आत, पुरुषांच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्याची आई, फिदेलिना, मांडीवर मक्याच्या भाकरीसारख्या तोर्तियांचं फडकं धरून बसली होती. सोमवारी सकाळी त्याचा धाकटा भाऊ नोर्लान सरीतच ओकत खाली बसला होता आणि उठला नव्हता. तेव्हापासून ती इथून हलली नव्हती. पण आज तिचा चेहरा निराळा दिसत होता.

"आधी तोंड धुऊन ये. चुलीतनं काढल्यासारखा दिसतोयस," ती म्हणाली. मग त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. "ऐक. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. नोर्लानला ते नाहीये."

"ते म्हणजे?"

"ते म्हणजे ते. तुझ्या बाबांना होतं ते. आकडा चारावर गेलाय, पण तो उन्हानं. बाई म्हणाल्या, नोव्हेंबरातल्या कागदावर ह्याचा आकडा शून्य नऊ आहे. खरा आजार असा तीन महिन्यांत उड्या मारत येत नाही, तो वर्षानुवर्षं दबकत येतो. हे नुसतं अंग सुकलंय. बाटलीतलं पाणी चढवलं की मूत्रपिंडं जागी होणार. तरुण आहेत म्हणाल्या." ती थांबली आणि फडक्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागली. "मी मारियामातेला नवस बोलले आहे. यंदा डिसेंबरात दारात तिचं मखर मांडीन, अख्ख्या वस्तीला ऊस आणि गोड वाटीन."

एलिसेओनं होय म्हटलं. त्याला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

कागदावरचा शून्य नऊ त्याचा होता.

ऑक्टोबरात नोर्लान कुणाला न सांगता गावातल्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त तपासून आला होता. आकडा निघाला एक पूर्णांक सात. मग तो तीन दिवस झोपाळ्यात पडून राहिला, शहाळ्यांमागून शहाळी प्याला, मांस सोडलं, आणि पुन्हा जाऊन आला. एक पूर्णांक सहा. त्यानंतरच्या रविवारी तो एलिसेओच्या अंगणात येऊन उभा राहिला. एलिसेओ कोयत्याला धार लावत होता.

"दादा, थोडं रक्त उसनं दे," तो म्हणाला, वाटीभर साखर मागावी तसा.

वस्तीत ह्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. चांगल्या आकड्याचा माणूस एकदा आपल्या नावानं बाही वर करी आणि दोन दिवसांनी चुलतभावाच्या किंवा मेहुण्याच्या नावानं. ओळखपत्रावरचा फोटो जुना असतो, टोपी कपाळावर ओढली आणि चेहरा उन्हानं रापलेला असला की कारकून दुसऱ्यांदा पाहत नाही. ह्याला कुणी लबाडी म्हणत नसे. लग्नाला जाताना शेजाऱ्याचे बूट घालून जावं, तितकंच ते सरळ मानलं जाई. तरी एलिसेओनं विचारलं होतं, "आणि फडात काय करशील? तिथं तुझीच मूत्रपिंडं चालायची आहेत."

"एक हंगाम फक्त. याहोस्काला चौथा महिना लागलाय. कामावरून काढलं की विम्याचं कार्ड बंद. बाळंतपण कुठं करू, सरीत? मार्चमध्ये मोकळी झाली की मी कोयता टाकतो. मग पपया लावीन, काहीही करीन."

"सावलीत बसशील?"

"तू सांगशील तेव्हा बसेन."

एलिसेओ सोमवारी आपल्या नावानं गेला आणि गुरुवारी भावाची टोपी घालून भावाच्या नावानं. दुसऱ्या वेळी परिचारिकेला नस सापडेना. डाव्या दंडाखाली कोयत्याच्या जुन्या जखमेचा वाकडा व्रण होता, तिथली नस सुईखालून सरके. तिला दोनदा टोचावं लागलं. आठवड्याभरात दोन कागद आले, नोर्लानचा आणि त्याचा, आणि दोन्हींवर एकच आकडा होता. त्या संध्याकाळी दोघे भाऊ त्यावर खूप हसले होते.

सावलीत बसणं काही जमलं नाही. मोळ्यांवर मजुरी मिळते तिथं कुणी बसत नाही. एलिसेओ आपली सरी आटोपून भावाच्या सरीत शिरे, त्याच्या वाटचा ऊस पाडून देई, पाण्याचा कॅन त्याच्या तोंडापाशी धरी. उन्हाचं मात्र त्याला काही करता येत नव्हतं.

आई तोर्तिया गरम करायला आवारातल्या चुलीकडं गेली तसा तो आत शिरला. खोलीत सहा खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर नोर्लान उशीला टेकून बसला होता. वर टांगलेल्या बाटलीतून थेंब उतरत होते. शेजारी स्टुलावर त्याची बायको याहोस्का आठव्या महिन्याचं पोट सांभाळत पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत होती.

"आले बघ रांजण," नोर्लान म्हणाला. आवाज घोगरा होता, पण डोळ्यांत चमक होती. "आज किती टन?"

"तुझ्याशिवाय जास्तच झाला. मध्ये कुणी लुडबुडायला नव्हतं."

"ऐकलंस ना आईकडून?"

एलिसेओ खाटेच्या कडेला बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "नोर्लान, त्या बाई ज्याच्यावर भरवसा ठेवतायत, तो आकडा तुझा नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? शून्य नऊ असता तर मी बरा झालो असतो, एक सात होता तर थोडा उशिरा होईन. पाणी तर तेच चढवणार ना?" त्यानं बाटलीकडं पाहिलं. "आणि दादा, एका आईच्या पोटचं रक्त आहे. तुझ्यात जे आहे ते माझ्यात कसं नसेल? त्या गावातल्या प्रयोगशाळेवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तिथली बाई फोनवर बोलत बोलत सुई टोचत होती."

एलिसेओ त्याच्याकडं बघतच राहिला. आपला भाऊ थट्टा करत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तीन महिने तो आकडा खिशात घेऊन फिरता फिरता नोर्लानला तो स्वतःचा वाटू लागला होता.

तेवढ्यात मायेला नावाची परिचारिका बाटलीचा वेग बघायला आली. पन्नाशीची, ठेंगणी बाई. तिनं नोर्लानचा सुईचा हात सरळ केला, डाव्या दंडाखाली एकदा बघितलं, मग एलिसेओकडं वळली.

"तुम्ही थोरले का?"

"हो."

"चेहरा ओळखीचा वाटतो. नोव्हेंबरात मी तपासणीच्या मंडपात होते." तिची नजर त्याच्या बाहीवर क्षणभर रेंगाळली. एलिसेओनं बाही मनगटापर्यंत ओढली. ती पुढच्या खाटेकडं गेली.

संध्याकाळी डॉक्टर मोन्कादा फेरीला आली. लेओन शहरात शिकून आलेली तिशीच्या आतली मुलगी. रोग्याशी बोलताना खाटेवर बसायची सवय तिला होती आणि म्हणूनच फिदेलिनाला ती देवमाणूस वाटे. तिनं एलिसेओला विचारलं, "ह्यांना आधी कधी काही त्रास? लघवीला फेस, पायाला सूज, कुठं बाहेर तपासणी केलेली?"

आई बघत होती. याहोस्का बघत होती. पुठ्ठा थांबला होता.

"नाही," एलिसेओ म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात याहोस्कानं त्याला गाठलं. तिचा हात कमरेवर होता. "भाऊजी, मला कळतं हो तुम्हाला काय वाटतंय ते. पण बाळंतपणाला पाच-सहा आठवडेच राहिलेत. खोटा कागद दिला असं निघालं तर कार्ड आजच्या आज जाईल, तुमचंही जाईल. ह्यांना ह्या खाटेवरून उठवतील. मग ह्यांना कुठं न्यायचं आणि मी कुठं जायचं?" ती रडत नव्हती. तिनं हे सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं म्हटलं; कदाचित सोमवारपासून ती तेच पाठ करत असावी.

गुरुवारी एलिसेओ फडात गेला नाही. सकाळी आठला तो खोलीत आला तेव्हा नोर्लानच्या पाठीशी एक नाही, तीन उशा होत्या. आडवं झालं की धाप लागते, म्हणून रात्रभर तो बसून होता. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. खाटेखालच्या भांड्यात तळ झाकेल इतकीही लघवी नव्हती. वर मात्र नवी बाटली टांगलेली होती आणि तिच्यातून थेंब कालच्याइतक्याच निष्ठेनं पडत होते.

"काल चार पूर्णांक एक, आज चार पूर्णांक नऊ," आईनं सांगितलं. "बाई म्हणाल्या, पाणी अजून कमी पडतंय. दुपारपर्यंत आणखी दोन बाटल्या देणार. सोमवारी लेओनहून पोट बघायचं यंत्र येणार आहे, पण तोवर हा उठून बसेल म्हणाल्या. तरुण आहेत ना मूत्रपिंडं."

उन्हाळ्याचे दिवस, खोलीत पंखा एकच, आणि नोर्लानच्या पायांवर मात्र चादर होती, कडा नीट दुमडून गादीखाली खोचलेली. एलिसेओनं ती सोडवायला हात घातला.

"राहू दे," आई झटकन म्हणाली. "गार वाटतंय त्याला."

त्यानं चादर सोडवली. भावाची नडगी त्याच्या आठवणीतल्या नडगीसारखी नव्हती. ती गुळगुळीत, तकतकीत, परक्या माणसाची वाटत होती. त्यानं तिच्यावर अंगठा टेकून दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत उमटलेल्या ठशासारखा तो भरून यायचं नाव घेईना.

वडील शेवटच्या महिन्यात अंगणातल्या खुर्चीवर बसूनच झोपत. आई रोज सकाळी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबे आणि खळगा भरायला किती वेळ लागतो ते मनातल्या मनात मोजी. ओठ हलत तिचे. एके दिवशी तिनं मोजणं सोडून दिलं होतं. एलिसेओ तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि हे सारं त्यानं उंबऱ्यावर बसून पाहिलं होतं.

त्यानं आईकडं पाहिलं. ती खळग्याकडं पाहत होती. मग तिनं चादर त्याच्या हातातून घेतली आणि पुन्हा कडा दुमडून खोचली.

"नोर्लान," तो म्हणाला, "मी बाईंना सांगतो."

नोर्लाननं दोन श्वास घेतले. एवढ्यासाठीही त्याला दोन श्वास लागले. "काय सांगणार? की आकडा तुझा होता म्हणून? म्हणजे मी... म्हणजे बाबांसारखं, असं सांगणार तू आईला?" तो थांबला. "दादा, मला चार दिवस बरं व्हायचंय रे. सोमवारपर्यंत. यंत्र येईल तेव्हा येईल."

"सोमवारपर्यंत तुझ्या छातीत पाणी भरेल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

एलिसेओला खरंच त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की वरून येतं आहे आणि खालून जात नाही. बांध फुटायच्या आधीचं शेत त्यानं पाहिलेलं होतं.

तो बाहेर आला. व्हरांडा तीस पावलांचा होता. डाव्या हाताला फाटक. तिथं पहारेकऱ्याकडं त्याचा कोयता कालपासून पडून होता आणि पलीकडं कारखान्याच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. उजव्या हाताला डॉक्टरांची खोली. बोललं तर कार्ड जाणार, हंगाम जाणार, याहोस्काचं बाळंतपण उघड्यावर पडणार, आणि आईच्या चेहऱ्यावर काल जे आलं होतं ते पुसलं जाणार. न बोललं तर त्या सज्जन मुलीच्या हातून, तिला न कळता, दुपारी आणखी दोन बाटल्या. हे सगळं त्याच्याच दंडातून काढलेल्या काचेच्या नळीभर रक्तामुळं. त्याला वाटलं, आपण फडाच्या मध्यावर उभे आहोत आणि चारी कडांनी ऊस पेटवून दिलेला आहे.

डॉक्टर मोन्कादा कागद लिहीत होती. मायेला कपाटातून औषधं काढत होती. एलिसेओ दारातच उभा राहिला.

"बाई, नोर्लानचा आकडा शून्य नऊ नव्हता. ऑक्टोबरात एक पूर्णांक सात होता. नोव्हेंबरातलं रक्त माझं आहे."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिला वाक्य कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा आधी रागानं आणि मग आणखी कशानं तरी उतरला. "काल मी विचारलं तेव्हा..."

"खोटं बोललो."

"आज कशावरून खरं बोलताय? घरची माणसं घाबरली की काहीही सांगतात."

एलिसेओनं डावी बाही वर सारली आणि दंड पुढं केला. डॉक्टरला त्या व्रणातून काहीच कळलं नाही. मायेलाला कळलं. हातातली पेटी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "दोनदा टोचावं लागलं होतं. नस पळते ह्यांची. आतल्या पोराच्या दोन्ही हातांच्या नसा दोरीसारख्या आहेत, सोमवारी पहिल्या झटक्यात सुई गेली. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मायेलानं टेबलावरची पेटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मीही त्याच वस्तीतली आहे, डॉक्टर."

डॉक्टर धावली नाही, पण जवळजवळ धावल्यासारखी चालत खोलीत गेली. तिनं नोर्लानच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग वर हात करून बाटलीचं चाक फिरवलं. थेंब पडायचे थांबले.

"हे काय? बंद का केलं?" फिदेलिना उठून उभी राहिली. "बाई, आत्ता तर कुठं गुण यायला लागला होता."

"आजी, ह्यांना पाणी नकोय. आहे तेच काढायला हवंय. मी लेओनला गाडी मागवते आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त गाळायचं यंत्र आहे." ती एलिसेओकडं वळली. आता तिचा आवाज कोरडा होता, पण कडवट नव्हता. "चिठ्ठीवर मला खरा आकडा आणि खरी हकीकत लिहावी लागेल. नाही लिहिली तर तिथंही हीच चूक करतील. कारखान्याकडं आणि विम्याकडं एकेक प्रत जाईल. ती मला थांबवता येणार नाही."

"लिहा," एलिसेओ म्हणाला.

याहोस्का स्टुलावरून उठली नाही. तिनं पुठ्ठा पुन्हा हातात घेतला आणि नवऱ्याला वारा घालू लागली, एलिसेओकडं पाठ करून.

नोर्लान वरच्या स्तब्ध बाटलीकडं बघत होता. मग त्यानं सुजलेल्या पापण्यांतून भावाकडं पाहिलं. "घे," तो म्हणाला, "तुझा आकडा तुला परत." आणि भिंतीकडं तोंड वळवलं. बसल्या बसल्या तेवढंच वळता येत होतं.

"डॉक्टर," मायेला दारातून म्हणाली, "ह्यांचंही रक्त घ्यायला हवं. ऊस हेही तोडतायत, आणि भावाच्या वाटचाही. तो शून्य नऊ आता तीन महिन्यांचा झाला."

डॉक्टरनं मान हलवली.

मायेलानं त्याला व्हरांड्यातल्या बाकावर, आईशेजारी बसवलं. रबराची पट्टी दंडाला बांधली. ह्या खेपेला तिनं उजवा हात निवडला आणि नस पहिल्याच वेळी लागली. नळी भरत असताना फिदेलिना त्याच्याकडं नाही, नळीकडं पाहत होती. तिचे ओठ हलू लागले होते. ती मारियामातेचं नाव घेत नव्हती; ती मोजत होती.

मायेलानं नळीला चिकटवायची पट्टी काढली, पेन उघडलं आणि वर न बघता विचारलं, "नाव?"

"एलिसेओ," तो म्हणाला. मग, तिनं लिहायला घेतलेलं दिसेना म्हणून, पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण नाव सांगितलं.